गुडघ्यांवरून पाहिलेला महाल

थेवेतच्या बाजारात लमदुआन केळ्याची भजी तळते आणि तिला लागूनच प्रानोम मिरचीचे ठेचे विकते. दोघी चाळीस वर्षांपासूनच्या शेजारणी. या चाळीस वर्षांत लमदुआनने एक वाक्य प्रानोमला निदान चारशे वेळा ऐकवलं असेल, "माझं लहानपण महालात गेलं."

आणि प्रानोमने तितक्याच वेळा उत्तर दिलं होतं, "हो, आणि माझं ढगात."

खरंखोटं करायची सोय नव्हती. कालव्याकाठचा तो सागवानी महाल कित्येक वर्षं कुलपात होता. मालकीण बाईसाहेब वारल्या, वारस परदेशी गेले, कुंपणावर वेली चढल्या. यंदा मात्र डागडुजी होऊन महाल लोकांना बघायला उघडला. बातमी आणली प्रानोमनेच. बाजारातल्या आणखी तिघींना तिने गोळा केलं आणि रविवारी महाल बघायची सहल ठरवून टाकली. सकाळी दोन महाल, मग जेवण, आणि सगळ्यांत शेवटी "आपल्या लमदुआनचं माहेर".

"आज कळेल," प्रानोम म्हणाली, "तू कुंपणाच्या आत वाढलीस की बाहेर."

पहिल्याच महालाच्या दारात प्रानोम अडकली. तिची विजार गुडघ्याखाली जेमतेम वीतभर. दारवान काही ऐकेना. शेवटी तिला एक लुंगी मिळाली, निळी, वर पिवळे हत्ती, आणि घेर असा की तिच्यासारख्या दोघी मावतील.

"सत्तरी उलटली माझी," ती दारवानाला म्हणाली, "माझ्या पोटऱ्या बघून कोण बिघडणार आहे?"

"मावशी, नियम आहे."

"नियमाला जरा लहान मापाची लुंगी नाही का?"

पुढच्या दारात पुन्हा अडवतील म्हणून तिने ती लुंगी विकतच घेतली आणि दोन्ही महाल कमरेशी मूठ आवळून पाहिले. बाकीच्या हसून हसून दमल्या. लमदुआनही हसत होती, पण जेवायला बसल्यावर तिने नूडल्सची वाटी अर्धीच टाकली. आज सकाळी तिने ठेवणीतला जांभळा झंपर काढला होता. केसांना दोनदा तेल लावलं होतं.

जेवणानंतर कालव्याकाठच्या महालाच्या पायरीशी चपला काढून सगळ्या आत गेल्या. महाल दाखवायला थावोन नावाचा पन्नाशीचा गोलमटोल माणूस होता. तो अकरा महिने इथे होता आणि प्रत्येक दाराचं लाकूड कुठून आलं ते त्याला पाठ होतं.

लमदुआन दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली.

तिला काहीच ओळखू येईना. वर उंच छत, त्याला काचेची झुंबरं. दारांवर लाकडाची जाळी, जाळीत वेली आणि पोपट. भिंतीवर मिशीवाल्या पुरुषांची चित्रं. सगळं सुंदर होतं आणि सगळं परक्याचं होतं.

"काय गं, स्वयंपाकघर कुठे होतं?" प्रानोमने विचारलं.

"ते... त्या अंगाला."

"नाही मावशी," थावोन अदबीने म्हणाला, "त्या अंगाला आधीपासून गाड्या ठेवायची जागा."

"बरं, हा जिना कुठे जातो?" प्रानोमने पुढचं विचारलं.

"बाईसाहेबांच्या झोपायच्या खोलीत," लमदुआन म्हणाली.

"गच्चीवर जातो," थावोन आणखी हळू बोलला.

मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रानोम तिसरा प्रश्न विचारणार होती, पण तिने लमदुआनचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटून ती खिडकी बघायला लागली. लमदुआनला ते जास्त लागलं. चाळीस वर्षं जिने टोमणा सोडला नाही, तिला आपली दया यावी! आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या स्वतःच्याच मनात पाल चुकचुकली. आई इथे कामाला होती हे खरं. पण आईने सांगितलेलं ऐकून ऐकून आपणच ते आपलं करून घेतलं असेल तर?

शेवटची खोली बाईसाहेबांच्या बैठकीची. मध्ये दोरी बांधलेली, दोरीपलीकडे त्यांचं रुंद काळं आसन, आणि त्यामागे त्यांचा माणसाएवढा फोटो. पातळ ओठ, सरळ नजर.

लमदुआनने उंबरा ओलांडला, वर पाहिलं, आणि तिचे गुडघे आपोआप वाकले. ती खाली बसली, कोपरं जमिनीला टेकली, मान खाली गेली.

"मावशी!" थावोन धावला. "चक्कर आली? पाणी आणा कुणीतरी!"

"चक्कर कसली रे," लमदुआन खालूनच म्हणाली. "यांच्यासमोर उभं कोण राहतं?"

आणि मग तिने समोर पाहिलं. तिथे तिचं घर होतं. या रुंद फळ्या तिने खोबऱ्याच्या चोथ्याने घासल्या होत्या. तो बारीक खवट वास अजून फळ्यांच्या फटीत होता. आसनाचे वाघाच्या पंजासारखे पाय, कपाटाच्या तळाची पितळी पट्टी, भिंतीच्या बुडाशी पडलेला तो मांजराच्या नखांचा ओरखडा. एक एक वस्तू तिला भेटायला पुढे येत होती.

"थावोनभाऊ," ती म्हणाली, "त्या आसनाच्या पुढच्या पट्टीला आतून बेडूक कोरलेत. सात. सातव्याला डोळे नाहीत."

"बेडूक? नाही हो. आमच्या यादीत फक्त कमळं आहेत."

"यादी करणारा खाली वाकला होता का?"

थावोनने इकडेतिकडे पाहिलं, दोरीखालून सरकला आणि पोटावर आडवा झाला. मोबाईलचा दिवा लावला. बराच वेळ त्याचे फक्त मोजे दिसत होते.

"एक..." आतून आवाज आला. "दोन... अरे बापरे... पाच, सहा... सात! मावशी, सातवा आंधळा आहे!"

"कारागिराला घाई झाली असेल. आई सांगायची, चिनी सुतार होता. त्याने ते आम्हा पोरांसाठीच कोरले. दुसरं कोण बघणार तिथे?"

प्रानोम दोन्ही हातांनी लुंगी धरून उभी होती. "म्हणजे तू या घरात..."

"चालायला लागल्यापासून नवव्या वर्षापर्यंत. पण उभी कधी नव्हते गं! बाईसाहेब घरात असल्या की आम्ही सगळे गुडघ्यांवर, आणि बाईसाहेब कायम घरातच असायच्या. मला झुंबरं काय विचारतेस? मला खालचं विचार!"

ती गुडघ्यांवर पुढे निघाली. "इथे वळायचं. ही फळी ओरडते." फळी ओरडली. "या कपाटामागे बुटकं दार आहे, आम्ही तिथून यायचो." थावोनने हात घालून पाहिलं. दार होतं, खिळे ठोकून बंद केलेलं.

तेवढ्यात प्रानोम धप्पकन खाली बसली. "सरक जरा, मलाही बघू दे ते बेडूक." हत्तींचा घेर तिच्या गुडघ्यांखाली अडकला, तिने एक शिवी हासडली आणि तशीच रांगायला लागली. मग बाकीच्या तिघीही. त्यांच्यामागून गावाकडचं एक कुटुंब खोलीत आलं. नवरा, बायको, सासू. समोर पाच म्हाताऱ्या आणि खुद्द महालाचा माणूस रांगताना पाहून नवऱ्याने घाईने बायकोला खूण केली आणि तिघंही निमूट गुडघ्यांवर आली.

"इथली पद्धत असेल," सासू कुजबुजली. "आधी सांगत नाहीत मेले."

थावोनला हसू आवरेना, पण उठा म्हणायचं त्याच्याही जिवावर आलं.

बेडूक बघून झाल्यावर प्रानोम भिंतीला टेकून दम खात बसली. "ऐक," ती म्हणाली. "उद्या बाजारात हे मी सांगणार. तुला नीट सांगता येत नाही. चाळीस वर्षं नुसतं महाल, महाल. आधी बेडूक सांगायचे ना!"

"तुला पटलं असतं?"

"नसतं पटलं. पण मजा तरी आली असती."

लमदुआन भिंतीच्या आधाराने हळूहळू उठली आणि गुडघे चोळले. तिने फोटोतल्या बाईसाहेबांना हात जोडले आणि या वेळी ती उभीच राहिली. मग तिने थावोनचा दंड धरला.

"चल भाऊ," ती म्हणाली. "आता मला वरचं सगळं दाखव. पोपटांपासून सुरू कर. घाई करू नकोस."