खुडणी नव्हे

अंगठ्याचे नख आणि तर्जनीचे पेर यांच्यामध्ये शेवंतीचा तो शेंडा — दोन अर्धवट उलगडलेली पाने आणि त्यांच्या कुशीत आणखी एक, अजून पान म्हणावे की नाही अशा अवस्थेतले — क्षणभर तसाच राहिला, आणि मग कानांपेक्षा बोटांनाच कळावा असा बारीक आवाज होऊन सुटला. नखाच्या कडेला हिरवा ओलावा आला. कडवट, औषधी वास. सुकन्याने शेंडा कुंडीतल्या मातीवर टाकला आणि ती पुढच्या फांदीकडे वळली.

श्रावणातली, पाऊस नसलेली सकाळ. लातूरच्या घराच्या गच्चीवर कुंड्या कठड्याच्या सावलीला ओळीने मांडलेल्या होत्या. आता खुडले नाही तर दिवाळीत एकेका उंच दांड्यावर एकेक फूल येईल. खुडले तर झाड आडवे भरेल, फुलांखाली पाने दिसणार नाहीत — हे ती कनिष्ठ महाविद्यालयात दरवर्षी शिकवत आली होती. शेंड्यातून ऑक्सिन नावाचे द्रव्य खाली उतरते, आणि ते उतरत असते तोवर पानांच्या बगलेतल्या कळ्या झोपून राहतात. शेंडा गेला की धाक संपतो, कळ्या जाग्या होतात. यात दया नाही, क्रौर्यही नाही. वर्गातली एखादी मुलगी विचारायचीच — मॅडम, झाडाला दुखत असंल ना? — आणि ती सांगायची, दुखण्यासाठी मज्जासंस्था लागते. मुली हसायच्या. ती हसायची नाही, कारण ते विधान होते, विनोद नव्हता.

आणखी एक फांदी. नख, पेर, आवाज.

उद्या नांदेडला जायचे होते. तिथे दुखण्याचा प्रश्न डॉक्टरीणबाईंनी आपण होऊनच निकालात काढला होता — इतक्या लवकर त्याला काही कळत नसतं हो — आणि सुकन्याला ते आधीपासून ठाऊक होते, तरीही... सोनोग्राफीच्या पडद्यावर तीन काळी वर्तुळे, प्रत्येकात एक राखाडी दाणा, आणि प्रत्येक दाण्यात काहीतरी लुकलुकत होते. लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर, बीजांडे पिकवण्याची इंजेक्शने घेऊन, एकाची आशा धरली होती, आले तिघे. तिघांना वाढू दिले तर तिघेही फार लवकर जन्मण्याचा, तिघेही हातचे जाण्याचा धोका किती, आणि एक कमी केला तर उरलेल्या दोघांचा किती — तिने आकडे मागितले, बाईंनी दिले, घरी येऊन तिने ते मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिले. आकडे बरोबर होते. म्हणजे वाद घालायला समोर कोणी उरलेच नाही. "कोणता?" एवढेच तिने विचारले होते. "सुईला जो सोपा पडेल तो," बाई म्हणाल्या, आणि हे उत्तर इतके प्रामाणिक होते की तिला त्यांचा रागसुद्धा करता आला नाही.

त्या दिवशी परतताना, लोहा मागे पडल्यावर, दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवेगार पसरलेले असताना, दयानंद रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला होता, "शेंडा खुडल्यासारखं समज. दोन फांद्या जोमानं फुटाव्यात म्हणून."

 तेव्हापासून ते वाक्य नखात कुसळ गेल्यासारखे सलत होते, कारण ते चूक होते. खुडणीत एकाच रोपाचा एक भाग जातो. खुडणीत कोणी जात नाही. एका ठिकाणी तीन रोपे उगवली आणि दोन नीट पोसावीत म्हणून तिसरे काढले, तर त्याला विरळणी म्हणतात, आणि विरळणीत जे उपटले जाते ते अख्खे रोप असते — त्याचे स्वतःचे मूळ, स्वतःचे खोड, मुळाला धरून वर आलेली चिमूटभर माती. दयानंदला हे माहीत नव्हते? तो बियाण्यांच्या कंपनीत कृषितज्ज्ञ; गावोगावच्या बैठकांत तोच सांगायचा, विरळणी वेळेवर करा, उपटताना माया करू नका. आणि अकरा वर्षांपूर्वी तो तिला बघायला उदगीरला आला, अंगणातल्या मोगऱ्याकडे पाहून 'छाटणी छान केलीय' म्हणाला, तेव्हा तिने सगळ्या पाहुण्यांसमोर 'छाटणी नाही, खुडणी' म्हणून त्याला दुरुस्त केले होते; तिची आत्या कपाळाला हात लावत असताना तो मात्र मनापासून हसला होता. त्या एका शब्दावर आमचं जमलं, असे तो अजून लोकांना सांगतो. असा माणूस चुकीचा शब्द वापरतो तेव्हा ती चूक नसते, ते सांत्वन असते... आणि मला सांत्वन नको आहे, मला नेमका शब्द हवा आहे. तो तर माझ्याकडे आहेच. मग मी तो गाडीत का नाही उच्चारला?

जिन्यावर पावले वाजली. केवळाबाई, तिच्या सासूबाई — रेणापूरहून आल्यापासून त्या तिला वर चढू देत नव्हत्या, आणि स्वतः मात्र गुडघे धरत दहादा चढत होत्या. हातात शिऱ्याची वाटी.

"काय करायलीस गं उन्हाची? वाकू नको म्हणलं तर आयकत न्हाईस. झाडं काय पळून चालली का? उद्या खूड."

"उद्या नांदेडला जायचंय, आत्याबाई. तपासणीला."

"मग हे खा. शेजारची हाजराबी म्हणत व्हती, सून लई वाळली तुमची. म्हणलं, वाळंल न्हाई तर काय, चिमणीवानी टिपती. अगं, तीन जिवांची हायेस तू."

तीन. तिने वाटी घेता घेता वर पाहिले. हिला कळले... दयानंद बोलला? कधी?... आणि मग गणित आपोआप सुटत गेले. पोटुशी बाई दोन जिवांची. जुळ्यांची आई तीन जिवांची. त्या तिनांत ती स्वतः धरलेली होती. दवाखान्याच्या आवारातूनच दयानंदने आईला फोन केला होता, 'जुळं आहे' — दोघे एकमेकांशी याविषयी एक अक्षरही बोलण्याआधी — आणि निर्णय खरे तर त्या शब्दातच होऊन गेला होता. म्हातारीचा हिशेब आज एकाने चुकत होता. उद्या संध्याकाळी तो बरोबर येणार होता.

केवळाबाई पालथ्या बादलीवर टेकल्या. "हाजराबीनं इचारलं, तुम्हाला लेकरं किती? म्हणलं, मला सहा झाले, चार राहिले. ती म्हणली, माझं बी तसंच हाय, आठ झाले, पाच राहिले. मग बसलो दोघी हसत."

"हसत?"

"मग काय, आता रडायचं व्हय? रडून झालं तवाच."

'सहा झाले, चार राहिले' हे उत्तर सुकन्याने पूर्वीही ऐकले होते. केवळाबाईंच्या वयाच्या बायका असेच सांगतात, एका श्वासात दोन आकडे, आणि तिला त्यांतला पहिला नेहमी अनावश्यक वाटत आला होता. आज तिने विचारले, "जे राहिले नाहीत, ते केवढे होते?"

"एक चालत व्हतं. दुसरं..." केवळाबाईंनी तळवा उताणा केला, त्यावर मावेल एवढे काहीतरी दाखवले. "बारशाच्या आधीच गेलं."

"म्हणजे नाव नाही त्याला."

"नाव कशाचं? नाव ठिवायला राहावं लागतंय."

"तरी धरता मोजताना."

केवळाबाईंनी तिच्याकडे पाहिले, अगदी साधी गोष्ट न कळणाऱ्या विद्यार्थिनीकडे पाहावे तसे. "झालं व्हतं की गं. झालेल्याला न्हाई कसं म्हणावं? खा तू. गार झालं."

त्या उतरून गेल्यावर थोड्या वेळाने दयानंद वर आला. हात मागे बांधून, शेताची पाहणी करायला आल्यासारखा, तो कुंड्यांची ओळ बघत राहिला.

"सकाळी लवकर निघू. अहमदपूरला चहा घेऊ. चालतंय ना चहा?"

"चालतं."

"आई काय म्हणत होती?"

"शिरा खा म्हणत होत्या." तिने वाटी कठड्यावर ठेवली. आणि मग, आवाज वर्गातल्यासारखाच सपाट ठेवून, "ती खुडणी नव्हे. गाडीत तुम्ही म्हणालात ते. त्याला विरळणी म्हणतात."

 खालच्या गल्लीतून भंगारवाल्याची हाक जवळ आली आणि लांब गेली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "तो शब्द तोंडातून निघेना, सुकन्या."

तिला वाटत आले होते की तो चुकीचा शब्द त्याने तिच्यासाठी शोधला. त्याचा आडोसा त्याला स्वतःलाच लागला असेल, हे तिच्या मनात आले नव्हते. तिने त्याच्याकडे पाहिले. तो एका कुंडीतली माती बोटाने चाचपत होता, जिला आज पाण्याची काहीही गरज नव्हती. मग गाडीत पेट्रोल भरून आणतो म्हणून तो खाली गेला.

उद्या जायचे हे ठरलेले होते. ते बरोबरही होते. अजूनही तिला त्यात चूक सापडत नव्हती. इतके दिवस ती समजत होती की आपल्याला तिसरे हवे आहे, आणि त्या हवेपणाला आकड्यांपुढे उभे राहता येत नाही, म्हणून आपण गप्प आहोत. तसे नव्हते. मला ते राखायचे नव्हते. मला ते मोजायचे होते. पुढे केव्हातरी, एखाद्या लग्नात, शाळेच्या फाटकाशी, बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई विचारणार — किती मुलं तुम्हाला? — आणि आपण एकच आकडा सांगणार, आणि तो खरा असेल, आणि अपुरा. तीन झाले, दोन राहिले... तिने ओठ न हलवता म्हणून पाहिले. पण 'झाले' म्हणता येते का? जे जन्मलेच नाही, ते झाले का? तिच्या शास्त्रात याला उत्तर होते, आठवड्यांच्या हिशेबात, आखीव. आणि ते उत्तर पहिल्यांदाच तिला पुरेना. दोघांपैकी एकही राहील याची तरी कुठे हमी होती... अशा वेळी लोक हात जोडत असावेत. तिचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते.

"सुकन्याऽ..." खालून केवळाबाईंची हाक आली, मागोमाग चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज. "भाकरी किती टाकू गं? खरं सांग, लाजू नको."

तिने तोंड उघडले. द्यायचा आकडा समोरच होता, साधा, भुकेचा. पण ओठांशी दुसराच, मघाचा तिघांचा, येऊन थांबला होता, आणि तो गिळावा की बाहेर येऊ द्यावा हे तिला ठरवता येईना. काय म्हणायचे ते ठरलेले नसताना माणूस इतका वेळ नुसता उभा राहू शकतो, हे तिला आजवर माहीत नव्हते.