ग्वोझ्देनची ओळ

संत निकोलाचा सण उजाडला, पण स्वेतोझारच्या जिवाला चैन नव्हतं. घराण्याच्या संताच्या दिवशी कुणाला आवतण द्यायचं नसतं; दार उघडं ठेवायचं, ज्याला यायचं तो येतो. आणि स्वेतोझार वाट पाहत होता ती एकाच माणसाची, ग्वोझ्देनची.

एके काळी या जोडीनं क्रागुयेवात्सच्या पोरापोरींना वेड लावलं होतं. गळा ग्वोझ्देनचा, गिटार स्वेतोझारची. तळघरात तालीम करणारी ही पोरं पुढे बेलग्रेडची मैदानं गाजवू लागली. पण गिटार हातात आली की स्वेतोझारला भान राहत नसे. एका मैफलीत त्याचा सोलो आवरेचना. ग्वोझ्देन माइकपाशी ताटकळला, "तुझं संपलं की हाक मार," म्हणाला आणि जो मंचावरून उतरला तो उतरलाच. स्वेतोझारनं काही हाक मारली नाही. बँड मोडला. दोघांचे केस पिकले.

यंदा ग्वोझ्देन जर्मनीहून कायमचा परतला, दोन गल्ल्यांपलीकडे राहू लागला. सणाच्या आदल्या दिवशी स्वेतोझारनं न राहवून त्याला फोन लावला.

"उद्या घरीच आहे मी."

"संताच्या सणाला माणूस घरी नसेल तर काय बाजारात असेल?"

"तसं नाही... मासे झकास मिळालेत."

"आवतण देतोस? मला? एवढा परका झालो मी?" ग्वोझ्देननं फोन आपटला.

बायकोनं, देसांकानं, कपाळाला हात लावला. "धन्य तुमची! हाक मारायची होती तेव्हा मारली नाहीत, मारायची नव्हती तेव्हा बरी मारलीत!"

सकाळी गाव्रिलो पाद्रीबाबा आले. मेणबत्ती पेटली. सणाचा गोल पाव दोघांनी हातांवर धरून फिरवायला घेतला. बाबांनी गोड गळ्यानं एक ओळ गायली आणि थांबले. स्वेतोझारचं चित्त दाराकडे.

"गा की रे! मी थांबतो ते दम लागला म्हणून नव्हे. तुझ्यासाठी जागा सोडतो. देवाच्या दारी एकट्यानं गायचं नसतं."

स्वेतोझार ओशाळून गायला.

दुपारी पाहुण्यांनी घर भरलं. येणारा प्रत्येक जण दारातच चमचाभर शिजवलेला गोड गहू प्रसादासारखा तोंडात टाकी, छातीवर क्रूस काढी. यजमानानं बसायचं नसतं. स्वेतोझार उभ्यानं पाहुण्यांच्या पेल्यांत राकिया, फळांची कडक दारू, ओतत राहिला. ग्वोझ्देनचा पत्ता नव्हता.

"दाजी, वाजवा की!" मेव्हणा विदोये ओरडला. "गुडघे गेले, बोटं तर शाबूत आहेत ना?"

रंग उडालेली तांबडी गिटार बाहेर आली. स्वेतोझारनं उभ्याउभ्याच ते जुनं गाणं धरलं. सोलो आला, डोळे मिटले, बोटं धावू लागली. ज्या वळणावर ग्वोझ्देन उतरून गेला होता, ते वळण आलं. स्वेतोझारला बाबांचं थांबणं आठवलं. त्यानं तारांवर तळवा ठेवला.

"अगं बाई, तार तुटली?" देसांका दचकली.

"नाही. जागा सोडली."

आणि उघड्या दारातून, जिन्यावरून एका घोगऱ्या गळ्यानं पुढची ओळ उचलली.

बगलेत वाइनची बाटली, ओल्या कोटातला ग्वोझ्देन ओळ पुरी करतच उंबऱ्यावर आला. "कधीचा जिन्यात उभा आहे! म्हटलं, याचं संपेस्तोवर पुढल्या वर्षीचा सण येतोय!"

"ग्वोझ्देन, मी काल फोनवर..."

"तू बोलावलंस म्हणून आलो नाही. बोलावलंस, तरी आलो. आधी गहू आण."

गहू खाऊन, क्रूस काढून तो कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या खुर्चीत बसला. स्वेतोझारही डोळे पुसत शेजारी टेकायला गेला, तसा ग्वोझ्देन खेकसला, "ए, यजमान ना तू? ऊठ! वाजव. पण बेतानं."