माल चांगला निघाला असता तर

मी एक जुने भिंग आहे. आजोबा वर्तमानपत्र वाचायला घेतात तसले दांड्याचे नव्हे. मी पोलादी कवचात घडी होऊन बसणारे, खिशात मावणारे आणि कोणतीही वस्तू दहापट मोठी दाखवणारे. सध्या माझा मुक्काम कुवेतमध्ये, मंगफच्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात आहे. कोणी खण उघडला की मी दचकतो. एवढी वर्षे कामात काढलेल्या वस्तूला अशी धास्ती का वाटावी, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, मित्रांनो.

माझी काच अंबाल्याच्या एका कारखान्यात घासली गेली. प्रताप तेव्हा पुण्यात नवा नवा वेल्डिंग इन्स्पेक्टर झाला होता. त्याने पहिल्या पगारातून मला घेतले आणि पुढे नोकरीबरोबर मीही कुवेतला आलो. तेलाच्या प्लान्टवर जाडजूड पाइप वेल्डिंगने जोडलेले असतात. त्या सांध्यात केसाएवढी चीर राहिली तरी उद्या आग लागू शकते. म्हणून प्रताप तापलेल्या वाळूत गुडघे टेकायचा, मला डोळ्याशी धरायचा आणि चीर दिसली की पिवळ्या खडूने तिथे फुली मारायचा. ठेकेदार गयावया करायचे. "सर, एवढंसं तर आहे!"

"एवढंसं तुला वाटतं. भिंगाला विचार," प्रताप म्हणायचा.

तेव्हा मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू! मी नसतो तर निम्मा प्लान्ट हवेत उडाला असता, असेही मला वाटायचे. भिंगाला स्वतःची थोरवीही दहापट दिसते, त्याला इलाज नाही.

घरीही माझ्यावाचून पान हलत नसे. मुबारकियाच्या बाजारात केशर घ्यायला गेले की प्रताप एकेक काडी माझ्याखाली धरायचा. खऱ्या केशराचे टोक कर्ण्यासारखे पसरलेले असते, केशराच्या नावाने विकले जाणारे रंगवलेले कणसाचे केस नुसते चपटे. दुकानदार यूनुसभाई कपाळाला हात लावायचे. "इंजिनीयरसाहेब, बाकीची गिऱ्हाइकं वास घेतात, तुम्ही पंचनामा करता!" शेजारी उभी असलेली उल्का, प्रतापची बायको, हसून म्हणायची, "त्याचा एकच नियम आहे, यूनुसभाई. माल चांगला असेल तर घ्यायचा, नसेल तर नाही."

हा नियम लक्षात ठेवा, मित्रांनो.

मागच्या वर्षी उल्का आजारी पडली. पोटातली गाठ काढली आणि केमो सुरू झाली. औषध गाठीच्या मागे लागले, पण उल्काची अन्नावरची वासनाच गेली. तिचे नाक इतके तिखट झाले की फोडणीचा वास आला तरी तिला उलटी व्हायची. घरात फोडणी बंद झाली. प्रताप प्लान्टच्या कॅन्टीनमध्ये जेवायचा आणि घरी येताना शर्ट बदलायचा. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की ती हसून सांगायची, "ठीक आहे. खाते थोडंथोडं." आणि प्रताप शेजारी गप्प बसायचा.

तो झोपेनासा झाला. सोफ्यावर बसून मला उघडायचा, मिटायचा. टिक, टिक. माझी बिजागरी त्याच महिन्यांत ढिली झाली.

अशात उल्काचा भाऊ सुदेश याचा कॅनडाहून फोन आला. तो म्हणाला, "दाजी, इथे अशा पेशंटांना गांजाने भूक लागते. इथे तो रीतसर दुकानात मिळतो."

"इथे रीतसर तुरुंग मिळतो," प्रताप म्हणाला.

"ते तुम्ही बघा. पण घेतलाच तर डोळे झाकून घेऊ नका, कोण काय गळ्यात मारेल सांगता येत नाही. फूल हिरवं हवं, तपकिरी नको. वास ताजा यायला हवा, कुबट नको. देठ मोडला तर कट्‌कन मोडला पाहिजे. आणि तुमच्या त्या भिंगातून बघा. फुलावर पांढरे कण असतात, प्रत्येक कणाला देठ आणि वर टाचणीसारखी मुंडी."

माझे नाव निघाले आणि मला उगाच बरे वाटले. आता आठवले की लाज वाटते.

पुढच्या शुक्रवारी भर दुपारी आम्ही एगैलाच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये होतो. गाडी सुशांतची होती. हा मराठी मंडळाच्या गणपतीत स्पीकर लावणारा गोड बोलणारा पोरगा. असल्या वस्तू त्याच्याकडे मिळतात, हे प्रतापला कुजबुजीतून कळले होते. सुशांतने एक पुडी पुढे केली. प्रतापने मला उघडले तसा सुशांत फिस्सकन हसला.

"सर, हिरा घेताय का?"

प्रतापने रंग पाहिला, वास घेतला, देठ मोडला. मग मला फुलाच्या इतके जवळ नेले की माझी कड त्याला चिकटली. फूल पांढऱ्या कणांनी नुसते लखलखत होते. पण त्या कणांना देठ नव्हते, मुंड्याही नव्हत्या. सगळे एकसारखे गोल, गुळगुळीत. असे कण प्रतापने हजारदा पाहिले होते. प्लान्टवर रंग देण्याआधी पत्रा घासायला त्यावर यंत्राने काचेचे बारीक मणी मारतात. तेच होते ते.

"हे ब्लास्टिंगचे मणी आहेत," तो म्हणाला. "काच आहे ही! वजन वाढवायला घातलीय. माणसाच्या छातीत गेली तर?"

"सगळे घेतात, सर. कोणाची तक्रार नाही."

"नापास," प्रताप म्हणाला आणि गाडीतून उतरला.

तो स्वतःची गाडी घेऊन घरी निघाला. वाटेत पोलिसांची तपासणी लागली. एका पोलिसाने बताका मागितला. प्रतापने ते ओळखपत्र काढून दिले. खिशात पुडी नव्हती, मी होतो, पण माझ्या कडेला त्या फुलाची चिकट राळ लागली होती आणि तिचा वास मलाच सहन होत नव्हता. पोलिसाने गाडीत वाकून पाहिले. तो क्षण मी जन्मभर विसरणार नाही. मग त्याने कार्ड परत केले आणि हाताने पुढे जायची खूण केली.

पोलिसाला आला नाही तो वास उल्काला दारातच आला.

"कसला वास आहे हा?" तिने नाकाला पदर लावला आणि त्याच्या खिशातून मला बाहेर काढले. प्रतापला खोटे बोलता येत नाही. त्याने सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "पण मी घेतला नाही, उल्का. काच होती त्यात. मी नापास केला."

उल्का खुर्चीवर बसली.

"माल खराब निघाला म्हणून तू परत आलास," ती म्हणाली. "चांगला निघाला असता तर?"

प्रताप वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"तुला पकडलं असतं तर मला दवाखान्यात कोणी नेलं असतं? मला भूक नको, प्रताप. मला दार उघडल्यावर तू समोर दिसायला हवास." मग ती हळूच म्हणाली, "मीही खोटं बोलते. डॉक्टरांना सांगते, खाते म्हणून. खरं कळलं तर ते मला एकटीला पुण्याला परत पाठवतील, अशी भीती वाटते."

दोघेही रडले. मग उल्का उठली, मला घेऊन मोरीपाशी गेली आणि तारेच्या घासणीने खसाखसा घासू लागली. राळ गेली, वास गेला. पण राळेत चिकटलेले मणी माझ्याच अंगावर घासले गेले आणि माझ्या काचेवर चरेच चरे पडले. मी किंचाळलो असतो, पण भिंगाला आवाज कुठला? दुसऱ्या दिवसापासून प्लान्टवर नवे भिंग गेले आणि मी या खणात आलो. आजाऱ्याच्या हाताला भान राहिले नाही, एवढीच मी मनाची समजूत घातली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना दोघांनी खरे ते सांगितले. पुण्याला कोणी पाठवले नाही. उलटीचे औषध बदलले. आठवड्यानंतर प्रतापने तांदळाची पेज केली, फोडणीशिवाय, नुसते मीठ घालून. उल्काने खणातून मला काढले, वाटीवर धरले आणि इन्स्पेक्टरसारखा चेहरा करून म्हणाली, "पास!" मग ती जेवली. अर्धी वाटी का होईना, पण जेवली.

प्रताप पातेले विसळत होता. पाठमोराच म्हणाला, "घेतला असता."

"काय?"

"चांगला निघाला असता, तर मी घेतला असता."

मला ते ठाऊक होते. त्या गाडीत त्याच्या उजव्या हातात मी होतो आणि मांडीवर पैशांचे पाकीट आधीच काढून ठेवलेले होते.

"माहीत आहे," उल्का म्हणाली. "त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर मुद्दाम तारेची घासणी घेतली. या भिंगाने पुन्हा तसला माल पास व्हायला नको."

मित्रांनो, तुमच्या घरी भिंग असेल तर ते मऊ फडक्याने पुसा, तारेची घासणी कधी लावू नका. पण एखाद्या घरात चरे पडलेले भिंग दिसले, तर घासणाऱ्याला वेंधळे म्हणू नका. मी इतके दिवस तेच म्हणत होतो.