अर्ध्या पाण्याचा घेवडा

मी मुळात भांडकुदळ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की एवढी साधी मुलगी, हिला अचानक झालं तरी काय. साधी मी कधीच नव्हते.

विद्यापीठाच्या शेतावर मी घेवडा वाढवत होते. चोवीस वाफ्यांना पूर्ण पाणी, चोवीस वाफ्यांना बरोबर निम्मं, आणि निम्म्या पाण्याच्या वाफ्यांवर पेंढ्याचं जाड आच्छादन. प्रश्न एवढाच, की पेंढ्याखाली ओल टिकून निम्म्या पाण्यात तेवढंच पीक येतं का. आणि येत होतं! सलग दोन हंगाम आलं. रोज सकाळी सातला मी मातीत सळई खुपसून ओलावा मोजायचे, तर आकडा अपेक्षेपेक्षा जास्तच निघायचा. आम्ही सगळं श्रेय पेंढ्याला देऊन मोकळे. माझ्या मार्गदर्शक मॅडम तर हवेतच होत्या. तिसरं पीक समितीला दाखवायला शेतात उभं होतं, प्रबंध बांधणीला जायचा बाकी होता आणि ‘अर्धं पाणी, पूर्ण पीक’ असं पत्रक चाळीस गावांसाठी छापायला निघालं होतं.

एका रविवारी भर दुपारी, विसरलेला चष्मा आणायला मी शेतावर गेले. बघते तर काय, माळीकाका हातात झारी घेऊन निम्म्या पाण्याच्या वाफ्यांत वाकलेले.

“पी बाई, पी. मान टाकलीस ना पार?” हे रोपाला.

“काका, हे काय चाललंय?”

ते जराही दचकले नाहीत. “दुपारी फार सुकतात गं. वाफ्याला एक झारी देतो.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून. तू सकाळी मोजून जातेस, तुला कुठलं दिसायला? तुझी डिग्री डोळ्यांदेखत वाळू द्यायची होती का मी?”

मी तिथेच बांधावर बसले. मग ओरडले. चांगली घसा बसेपर्यंत ओरडले. “ती सुकतात का, हेच तर बघायचं होतं!” काकांचा चेहरा उतरला. तीस वर्षं या शेतावर राबलेला माणूस, पण त्यांना रोप जगवायचं एवढंच ठाऊक. रोप मरतं का ते बघत बसायचं, हे कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

“म्हणजे मी सगळं घालवलं?”

“हो,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

घरी ताईला सांगितलं. आम्ही दोघी दोन खोल्यांत राहतो. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी माझ्या मातीच्या बरण्या असतात, आणि ताईने एकदा घाईत चहात माती घातली तरी ती मला बोलली नव्हती. ती दवाखान्यात परिचारिका आहे. माझं शिक्षण संपेपर्यंत म्हणून तिने दुसरी पाळी घेतली होती.

“गप्प बस आणि प्रबंध देऊन टाक,” ती म्हणाली. “दोन महिन्यांनी मी एक पाळी सोडणार होते. माझे पाय बघ.”

मी पाय बघितले. सुजलेले होते. मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, “तू ऐकणार नाहीस. लहानपणापासूनची सवय आहे तुझी. सांग जाऊन, पण रडत परत येऊ नकोस.”

मॅडम अपेक्षेप्रमाणे म्हणाल्या, कानाडोळा कर. दोन झाऱ्यांनी संशोधन बुडत नाही म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी झारी मोजली होती. निम्म्या पाण्याच्या वाफ्याला रोज वीस लिटर आम्ही देत होतो, वर आठ काका. तेही त्यांना दया येईल त्या दिवशी, म्हणजे हिशोब कुठेच नाही.

समितीसमोर मी पहिलाच तक्ता बाजूला ठेवला आणि म्हणाले, “हे आकडे चुकीचे आहेत. या वाफ्यांना दुपारी जास्तीचं पाणी मिळत होतं.” मॅडमनी कपाळाला हात लावला.

अध्यक्षांनी घसा खाकरला. “थोडंफार इकडेतिकडे होतंच. पत्रक तयार आहे, लोक वाट बघतायत.”

“सर, चाळीस गावांत आमच्यासारखं कोणी दुपारी चोरून पाणी घालणार नाही. तिथे पीक वाळेल.”

“पाणी घातलं कुणी? नाव द्या. त्याला काढून टाकू, तुमच्यावर ठपका येणार नाही.”

“वाफे माझे, मोजणी माझी. दोन वर्षं दुपारी शेतावर न फिरकण्याचा आळसही माझाच. ठपका माझ्या नावावर लिहा.”

लिहिला. पत्रक थांबलं, निकाल रद्द झाले, आणि सगळं पहिल्यापासून करायची शिक्षा मिळाली. ताई दुसऱ्या पाळीला जात राहिली. त्याची लाज मला रोज वाटते आणि तरीही मी परत तेच करीन.

नव्या हंगामात रोज बारा ते चार मी शेतावर बसू लागले. काकाही येऊन बसायचे. कडक ऊन पडलं आणि घेवड्याने माना टाकल्या. काका उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे.

“बघवत नाही गं. एकच झारी?”

“नाही.”

“निदान त्या कोपऱ्यातल्यांना?”

“काका, बसा. कुणाच्या तरी शेतात वाळण्यापेक्षा इथे वाळू दे. तिथे त्याच्या ताटातलं जाईल. इथे माझं वर्ष जातंय, जाऊ दे.”

ते बसले. मीही बसले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि दोघंही ते लपवत नव्हतो. पाचव्या दिवशी नववा वाफा आडवा झाला. चार वाजता मी वही उघडून लिहिलं: वाफा नऊ, मेला.

काकांनी मान वाकवून वहीत बघितलं.

“अर्धवट लिहू नकोस,” ते म्हणाले. “निम्म्या पाण्यावर मेला, असं लिही.”