डाव्या खांद्याचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी टॅकल बॅग आहे. नाव ऐकून शाळेच्या दप्तराची आठवण झाली असेल, तर ती विसरा. माझ्यात वह्यापुस्तकं राहत नाहीत आणि डबा तर नाहीच नाही. मी माणसाएवढी उंच, गोल आणि चांगली जाडजूड आहे. माझं काम एकच, धडका खायच्या. रग्बी खेळणाऱ्या मुली लांबून पळत येतात, मला कमरेत मिठी मारतात आणि धाडकन जमिनीवर पाडतात. तुम्हाला माझी कीव आली ना? येऊ देऊ नका. दिवसाला इतक्या मिठ्या कोणाला मिळतात, सांगा बरं?

माझा जन्म पंचवटीत, मार्केट यार्डाजवळच्या भिमाजींच्या दुकानात झाला. भिमाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवतात. नाशिकला तेव्हा मुलींचा व्यावसायिक रग्बी क्लब नव्यानेच निघाला होता. पगारावर ठेवलेल्या खेळाडू, राहायला वसतिगृह, मखमलाबादच्या बाजूला मैदान, सगळं जमलं होतं. फक्त कंपनीकडून येणाऱ्या बॅगा काही वेळेवर पोचेनात. शेवटी प्रशिक्षक राज सर मोबाइलमधला फोटो घेऊन भिमाजींकडे आले. भिमाजींनी मोबाइल उलटसुलट करून पाहिला.

"गादीवरचा लोड हाय का हा, सर?"

"नाही हो. याला मुली जोरात धडक देणार आहेत."

"का? काय केलं यानं?"

मग राज सरांनी दुकानातच खेळ समजावून सांगितला. दोन्हीकडे तेरा-तेरा खेळाडू. अंड्यासारखा लांबट चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. समोरच्यांनी पळणारीला कमरेत धरून खाली पाडायचं. या पाडण्यालाच टॅकल म्हणतात. टॅकल चुकली की ती सुटली, आणि ती सुटली की गुण गेले.

"म्हंजे पोरींनी पडायचं आन् पाडायचं," भिमाजी म्हणाले. "मग ही आतून मऊ पायजे."

त्यांनी माझ्या पोटात सोफ्याच्या फोमचे तुकडे भरले, धुतलेली गोणपाटं भरली आणि घरची एक जुनी गोधडीही कोंबली. वरून हिरव्या ताडपत्रीचं दुहेरी कापड आणि जाड टाके. मग चष्मा सांभाळत ते स्वतःच पळत आले, मला धडकले आणि माझ्यासकट आडवे झाले. "चालंल," पडल्यापडल्याच त्यांनी निकाल दिला.

मैदानावर मला पाहताच कर्णधार सायली ओरडली, "अगं बाई, ही तर ठमाबाई!" सायली नाशिकरोडची. तिच्या तोंडाला लगाम नाही. तेव्हापासून मी ठमाबाई झाले आणि खरं सांगायचं तर मला ते नाव आवडलं.

राज सरांचा एक नियम होता. जिने मला पाडलं तिनेच मला उचलून उभं करायचं आणि मगच पाठ फिरवायची. विसरलं की मैदानाला फेरी. मुलींच्या अंगात ही सवय इतकी मुरली की एकदा बस स्टँडवर सायलीचा धक्का लागून एका आजोबांची सायकल पडली, तर चौघीजणी ती उचलायला झेपावल्या. पोरी सायकल पळवतात की काय, म्हणून आजोबांनी आरडाओरडा केला!

या सगळ्या मुलींत तेजस्विनी माझी लाडकी. ती वणीजवळच्या खेड्यातली. शाळेत कबड्डी खेळून तिची पकड तयार झाली होती. मैदानाच्या डाव्या कडेला ती आणि तिच्या शेजारी सायली अशा दोघी उभ्या राहायच्या. तेजस्विनीची धडक बसली की माझ्या पोटातली गोधडी गोळा व्हायची, पण उचलताना ती माझ्या पाठीवर हलकेच थोपटायची. इतर मुली थोपटत नसत. या गोष्टी बॅगेला कळत नाहीत, असं तुम्हाला वाटत असेल, तर तो तुमचा गैरसमज आहे.

लीगमध्ये सहा क्लब होते. हंगामाच्या शेवटी सर्वांत खाली राहील तो क्लब पुढच्या वर्षी बाहेर जाणार होता. बाहेर म्हणजे वसतिगृह बंद, पगार बंद आणि मुली आपापल्या घरी. सुरुवातीचे सामने आम्ही चिखलात हरलो, मग दोन जिंकलो आणि जरा बरं चाललं होतं. तेवढ्यात परगावच्या एका सामन्यात तेजस्विनी चुकीची पडली आणि तिचा डावा खांदा निखळला.

काही आठवड्यांनी ती परत आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, खांदा बरा आहे, बिनधास्त खेळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तिची पहिलीच धडक बसली आणि मला फरक कळला. ती उजव्या खांद्यावर आली होती. दुसरी धडकही उजव्याच खांद्यावर. डावीकडून यायची पाळी आली की शेवटच्या पावलाला ती अंग चोरून वळायची आणि उजवा खांदाच पुढे करायची. हे इतक्या झटपट व्हायचं की बघणाऱ्याला कळत नसे. धडक खाणारीला मात्र कळतंच.

एका संध्याकाळी सगळ्या जेवायला गेल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. "दुखत नाही गं आता," ती म्हणाली. "पण खांदा निखळला तेव्हा कट् असा आवाज झाला होता. धडकायच्या आधीच तो कानात वाजतो." माझ्या ताडपत्रीला गाल टेकवून ती रडली. मला हात नाहीत याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

सामन्यांत तेच होऊ लागलं. समोरच्या मुली तिच्या डावीकडून निसटायच्या. त्यांच्यामागे सायली जिवाच्या आकांताने पळायची आणि पोचायची नाही. आम्ही ओळीने हरलो. लोक म्हणू लागले, सायली संथ झाली. सायलीलाही ते पटलं. बडबडी पोरगी गप्प राहू लागली आणि पहाटे उठून एकटीच पळण्याचा सराव करू लागली. तेजस्विनी ते बघायची आणि मान खाली घालायची. शेवटी एकच सामना उरला, तोही घरच्या मैदानावर. जिंकलो तर लीगमध्ये, हरलो तर बाहेर.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्या जेवणघरात धोंडाबाई स्वयंपाक करतात. त्या सायखेड्याच्या. सकाळीच त्यांनी पाट मांडला आणि चेंडू, बूट, पंप, एवढंच काय, राज सरांची शिट्टीही पूजेला ठेवली. सर सरावाला निघाले तर शिट्टीला झेंडूचं फूल वाहिलेलं.

"धोंडाबाई, सामना डोक्यावर आलाय हो!"

"असू द्या. पुजलेलं हत्यार आज उचलायचं नसतंय. पोरींचे हातपाय बी हत्यारच हायेत, त्यांनाबी सुट्टी."

सर हरले. मग धोंडाबाई माझ्याकडे वळल्या. "हिच्या अंगावर तर काईच टिकत नाय," असं पुटपुटत त्यांनी हळदकुंकू कोरडं न लावता तेलात कालवलं आणि माझ्या दोन्ही बाजूंना हाताचे पंजे उठवले. एक-दोन नाही, चांगले दहा-बारा. झेंडूची माळही घातली. मी इतकी नटले होते की दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला आलेले लोकही माझा फोटो काढून गेले.

दसरा झाला आणि सराव सुरू झाला. माळ काढली, पण माझं अंग पुसायचं कोणाला सुचलं नाही. मुलींना सणाचे नवे पांढरे टी-शर्ट मिळाले होते. तेलातलं कुंकू ते, वाळतंय कशाला! धडका सुरू झाल्या आणि बघता बघता सगळ्यांचे दोन्ही खांदे लाल झाले. धोंडाबाईंनी जेवणघराच्या दारातून कपाळावर हात मारला. सायलीला मात्र कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. ती एकेकीची थट्टा करत निघाली आणि तेजस्विनीपाशी येऊन म्हणाली, "तेजू, तुझा डावा खांदा उपाशीच राहिला की!"

सगळ्या हसल्या. मग हसू थांबलं. डावा खांदा दुधासारखा पांढरा होता.

"म्हणजे महिनाभर..." सायलीचा आवाज चढला. "महिनाभर मी स्वतःला संथ म्हणत होते. पहाटे उठून पळत होते. आणि तू नुसती बघत होतीस?"

"मला भीती वाटते," तेजस्विनी म्हणाली. त्या आवाजाचं तिने सगळ्यांना सांगितलं. सायली चेंडू फेकून निघून गेली.

राज सर शांतपणे म्हणाले, "बाळा, अशी खेळलीस तर तुलाही लागेल आणि संघालाही. सामन्याच्या आधी डाव्या खांद्यावर रंग दिसला तर खेळशील. नाहीतर बाहेर बसशील."

संध्याकाळी धोंडाबाई वाटीत ताजं कुंकू कालवून घेऊन आल्या आणि मला माखू लागल्या. तेजस्विनी समोर उभी होती. इतक्यात माझ्या पाठीला कोणीतरी खांदा लावला. सायली होती.

"मी धरते ठमाबाईला. तू मार," ती म्हणाली. राग अजून गेला नव्हता, पण तिने मला घट्ट धरलं होतं.

तेजस्विनी पळत आली आणि शेवटच्या पावलाला वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. दुसऱ्या दिवशी ती वळली नाही, पण नुसती टेकल्यासारखी धडकली. खांद्यावर टिकलीएवढा डाग उठला. धोंडाबाईंनी जवळ जाऊन पाहिलं. "एवढं तर मी कपाळाला लावती," त्या म्हणाल्या.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सगळा संघ बघायला उभा राहिला. सायली माझ्या मागून ओरडली, "आवाज येतो ना कानात? मग त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडत ये!"

तेजस्विनी किंचाळतच आली. न वळता आली. तिचा अख्खा डावा खांदा माझ्या बरगडीत घुसला, मी आणि सायली दोघी उताण्या पडलो आणि त्याच क्षणी मोठा आवाज झाला, फर्र!

तेजस्विनी जागच्या जागी गोठली. तोंड पांढरंफटक, उजवा हात डाव्या खांद्यावर. मग सायली माझ्याखालून धडपडत बाहेर आली, माझ्याकडे बघून ओरडली, "तुझा नाही गं! ठमाबाईचा गेला!"

हो मित्रांनो, तो आवाज माझा होता. माझी शिवण वरपासून खालपर्यंत उसवली होती आणि भिमाजींची गोधडी बाहेर डोकावत होती. तेजस्विनीने हळूच हात वर केला, गोल फिरवला, पुन्हा फिरवला. मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि सायलीने तिला मिठी मारली. दोघींचे खांदे लालभडक. मी फाटले होते, पण इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

नियमाप्रमाणे तेजस्विनीने मला उचललं. धोंडाबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या पोटाला बांधली आणि बजावलं, "उद्या हिलाबी मैदानाच्या कडंला ठेवा. तिलाबी बघू द्या."

म्हणून तो सामना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, म्हणजे मला डोळे असते तर जितका पाहिला असता तितका. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. समोरच्या संघाची सर्वांत वेगवान मुलगी चेंडू घेऊन आमच्या डाव्या कडेने सुटली. रेषा चार पावलांवर होती. तेजस्विनीच्या डावीकडे मोकळी जागा दिसताच ती तिथे वळली. आमचे आधीचे सामने बघून तिने हेच तर हेरून ठेवलं होतं.

तेजस्विनी वळली नाही. धप्प असा ओळखीचा आवाज आला, दोघी रेषेच्या अलीकडे पडल्या आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला.

सगळ्या मुली नाचत सुटल्या. राज सरांनी शिट्टी आकाशात उडवली. धोंडाबाई पदराने डोळे पुसू लागल्या. तेजस्विनी मात्र तिकडे धावली नाही. खाली पडलेली ती दुसऱ्या संघाची मुलगी मातीत तोंड घालून रडत होती. तेजस्विनीने वाकून आपला डावा हात पुढे केला आणि तिला उचलून उभं केलं. मग तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं. ते थोपटणं कसं असतं, हे मला ठाऊक आहे.

आता क्लबमध्ये कंपनीच्या निळ्या चकचकीत बॅगा आल्या आहेत. माझी शिवण भिमाजींनी पुन्हा घातली, पण मोठ्या धडका मला झेपत नाहीत. लहान मुली नवीन शिकायला येतात, त्या सुरुवातीला मलाच धडकतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात धडका खाणारं कोणी ना कोणी असेलच. दप्तर असेल, सायकल असेल, कदाचित एखादं माणूसही असेल. खेळा, आपटा, माझी ना नाही. फक्त पाठ फिरवण्याआधी एकदा उचलून उभं करा. आणि फाटलंच काही, तर टाकून देऊ नका. भिमाजींचं दुकान अजून तिथेच आहे.