आजोबांच्या बुटातल्या मुंग्या

बेकरीच्या मागच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीला टेकून बसलेले, दारात ताटकळलेले, खिडकीच्या गजांना नाक लावून उभे राहिलेले, सगळ्यांचे डोळे एका नळीवर खिळले होते. नळी पितळेची, वीतभर लांब, एका टोकाला कर्ण्यासारखी पसरट. पसरट टोक रोग्याच्या बेंबीवर टेकायचं आणि दुसरं नळीमहाराजांच्या ओठांत जायचं.

सतरंजीवर बाजारातला कुलूपवाला उताणा पडला होता. त्याचं पोट असं होतं की नळी टेकडीवर रोवलेल्या खांबासारखी दिसत होती. महाराजांनी डोळे मिटले, गाल आत ओढले, सगळं अंग थरथरवलं आणि शेजारच्या वाटीत तोंडातून काहीतरी टाकलं. काळा, ओला, गोटीएवढा गोळा.

"निघाला," महाराज म्हणाले. "बारा वर्षांचा वायू. साठून साठून घट्ट झाला होता."

कुलूपवाल्यानं उठून पोट चाचपलं. "हलकं वाटतंय खरं."

"पण दिसतंय तेवढंच," मागून कुणीतरी म्हणालं.

"पोट म्हणजे भांडं," महाराज म्हणाले. "भांडं रिकामं केलं म्हणून लहान होतं का?"

लोकांनी माना डोलावल्या. भांडी सगळ्यांच्याच घरी होती.

भिंतीपाशी बसलेल्या भिंगरीच्या आईनं मात्र मान हलवली नाही. तिची लाँड्री होती, आणि कुठलीही गोष्ट उलटी करून आतली शिवण पाहिल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. ती इथे आली होती ती आत्यापुढे हात टेकून. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. आणि मांडीवर पाच वर्षांची भिंगरी, जिच्या पोटानं घरातल्या सगळ्यांची झोप उडवली होती.

झालं होतं असं. भिंगरी शी करत नव्हती. एकदा खडा झाला, दुखलं, आणि त्या दिवसापासून पोरीनं मनाशी गाठ बांधली की हा उद्योग पुन्हा करायचा नाही. कळ आली की ती पडद्यामागे जायची, पायात पाय अडकवून, टाचा उचलून, लाल होऊन उभी राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी झाड झालेय. झाडाशी बोलायचं नसतं."

दुसरीकडे चड्ड्या मात्र रोज खराब. सगळ्या गावाचे डाग काढणाऱ्या बाईच्या घरात चड्ड्यांची बादली भरलेली. आईला वाटलं जुलाब होताहेत, आणि तिनं जुलाब थांबवायचं औषध दिलं. झाड आणखी घट्ट उभं राहिलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि चष्म्यावरून आईकडे पाहिलं.

"लाँड्री चालवता ना? मोरीत धाग्यांचा बोळा अडकला तर पाणी काय करतं?"

"कडेकडेनं झिरपतं."

"हेच झालंय. आत घट्ट शी अडकलीय, पातळ आहे ते कडेनं गळतंय. पोरीला ते कळतही नाही, म्हणून तिला रागवायचं नाही. तुम्ही गळती थांबवायला निघालात, बोळा काढायला हवा."

त्यांनी शी मऊ करणारं गोड, पातळ औषध दिलं. सकाळ-संध्याकाळ द्यायचं, जेवणानंतर भांड्यावर निवांत बसवायचं, पाय लोंबकळू द्यायचे नाहीत, खाली भक्कम आधार हवा. "आणि मध्येच बंद करू नका. बंद केलंत तर पोरीला दवाखान्यात ठेवून पोट साफ करावं लागेल. ते तिला आवडणार नाही, मलाही नाही."

आईनं औषध एकदाही चुकवलं नाही. मोजून चमच्यात ओतायची, भिंगरी तोंड उघडायची, चमचा रिकामा व्हायचा. पण पोट ढोलासारखं ते ढोलासारखंच. तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, आणखी थोडे दिवस पाहू, नाहीतर दाखल करू.

दोघी घरी परत आल्या तर आत्या दाराशी थिजून उभी.

दाराशी अण्णांचे बूट होते. अण्णा म्हणजे आईचे वडील, लाँड्री त्यांचीच. ते गेल्याला फार दिवस झाले नव्हते. त्यांचे सदरे वाटून टाकले, चष्मा कपाटात ठेवला, पण बूट कुणाच्यानं हलवले नाहीत. टाच एका बाजूला झिजलेले, नाडी सैल सोडलेले, आत्ता पाय घालून कुणी दुकानात निघेल असे. झाडताना आई त्यांच्या भोवतीनं केरसुणी फिरवायची.

त्यांतल्या डाव्या बुटात मुंग्यांची रांग चालली होती. शिस्तीत, एकामागे एक, जणू आत काही वाटप चाललंय.

"साधी मुंगी म्हणू नकोस हिला," आत्या हलक्या आवाजात म्हणाली. "दादाचा जीव अडकलाय गं कशाततरी."

"बुटात?"

"चेष्टा कर. पोरीचं पोट आवळलंय, बुटाला मुंग्या लागल्यात. दोन्ही एकदम कसं होईल?"

आई बुटापाशी वाकली. बूट उलटा करून पाहावा, एवढं साधं काम होतं. पण हात पुढे होईना. आयुष्यभर सगळ्या गोष्टी उलट्या करून पाहणारी बाई त्या एका बुटापाशी अडली. आणि म्हणून ती आज बेकरीच्या मागे बसली होती.

त्यांचा नंबर आला. महाराजांनी भिंगरीला सतरंजीवर निजवलं, पोटावर हात ठेवला आणि छताकडे पाहिलं. छतावर एक पाल होती, तिनंही त्यांच्याकडे पाहिलं.

"घरात वडीलधारं माणूस गेलंय."

आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

"त्यांचं पायताण अजून घरात आहे. डावं. त्यात... सूक्ष्म जीवांची ये-जा आहे."

"मुंग्या," आत्या म्हणाली.

"तेच ते. म्हातारा भुकेला आहे. नातीत जीव गुंतलाय, तिचं आतडं मुठीत धरून बसलाय, सोडत नाही. मी मूठ सोडवतो. मात्र डॉक्टरचं औषध आजपासून बंद. औषधानं मूठ आवळते."

क्षणभर, अगदी क्षणभर आईला वाटलं की हे खरं असावं. मूठ का असेना, पण अण्णा कुठेतरी असावेत. मग तिला अण्णा आठवले. गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेला रुमाल परत द्यायला पावसापाण्याचे अर्ध्या गावातून चालत गेलेले अण्णा.

"आमच्या अण्णांनी जन्मात दुसऱ्याचं काही धरून ठेवलं नाही," ती म्हणाली. "नातीचं आतडं कशाला धरतील?"

"मेल्यावर स्वभाव बदलतो," महाराज म्हणाले.

"अण्णांचा नाही बदलायचा. ते शर्टाची घडीसुद्धा बदलायचे नाहीत."

"शांत बस गं," आत्या पुटपुटली.

महाराज नेहमीप्रमाणे तोंड शुद्ध करायला पडद्याआड गेले. प्रत्येक रोग्याआधी जात. पडद्याआडून आले की मौन, फक्त खाणाखुणा. लोक म्हणत, शक्ती तोंडात गोळा होते, बोलल्यानं सांडेल.

ते परतले, गुडघ्यावर बसले, नळी भिंगरीच्या बेंबीवर टेकवली. भिंगरीला गुदगुल्या झाल्या. ती खिदळली, मग एकदम थांबली आणि महाराजांच्या तोंडाकडे निरखून पाहू लागली.

"तुम्ही पण गालात ठेवता?"

महाराजांनी बोटानं गप्प राहायची खूण केली.

"मी डाव्या गालात ठेवते. उजव्यात ठेवलं की गळतं."

"काय ठेवतेस गं?" आईनं विचारलं.

"औषध," भिंगरी म्हणाली, आणि मग आपण नको ते बोलून गेल्याचं तिच्या लक्षात आलं. पण विषय तिच्या जाणकारीचा होता, तिला राहवेना. "तुमचा गाल बाहेर दिसतोय. असा नाही दिसू द्यायचा. जीभ अशी दाबायची. थांबा, दाखवते."

आणि तिनं हात वर करून बोटानं महाराजांचा गाल दाबला.

नळी अजून ओठांत पोचलीही नव्हती. महाराजांच्या तोंडातून काळा गोळा टुणकन बाहेर आला आणि नेमका भिंगरीच्या बेंबीत जाऊन बसला.

सगळ्यांनी बेंबीकडे पाहिलं. पालीनंही.

"महाराज," कुलूपवाला सावकाश म्हणाला, "हा ओढण्याआधीच आला?"

"शक्ती," महाराज म्हणाले. "ओसंडली."

"म्हणजे मुलीचं आतडं आधीपासून तुमच्या तोंडात होतं?"

"मौन," महाराज म्हणाले.

आईनं गोळा उचलला. लाँड्रीत रोज शेकडो खिसे उलटे करणाऱ्या बोटांना ओळख पटायला वेळ लागला नाही. नखानं एक टोक सुटलं आणि ती उलगडत गेली, उलगडत गेली.

"रफूचा काळा दोरा. आत कापूस. माझ्या दुकानात रीळ मिळतं, कुणाच्या पोटात गाठ हवी असेल तर."

कुलूपवाल्यानं वाटीतला आपला बारा वर्षांचा वायू उचलून ओढला. तोही लांबच लांब निघाला. तो हिरमुसला. "मला खरंच हलकं वाटलं होतं हो."

"पण बुटाचं कसं कळलं?" आत्यानं विचारलं. "मुंग्यांचं? ते तर खरं होतं."

"आत्या, बाहेर नंबर देणारी बाई आहे ना, चपलांजवळ बसलेली? तिच्याशी तू सकाळपासून काय बोलत होतीस?"

आत्यानं आठवून पाहिलं. नंबर देणारी बाई सगळ्यांचीच फार आपुलकीनं विचारपूस करायची. मध्येच पाणी प्यायला म्हणून पडद्याआड जाऊन यायची. आत्ता ती जागेवर नव्हती. महाराजही नव्हते. नळी मात्र राहिली होती.

"मुंग्या माझ्या आहेत," भिंगरी मान खाली घालून म्हणाली. "म्हणजे माझ्या औषधाच्या. मी आजोबांच्या बुटात थुंकते."

"बुटात? का गं राणी?"

"शी मऊ झाली की ती आपोआप येणार. मला नको होती. दुखतं." मग हळूच म्हणाली, "आणि आजोबा कुणाला सांगत नाहीत."

आईनं भिंगरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि बराच वेळ तिच्या केसांत तोंड खुपसून उभी राहिली. आत्याचा हात तिच्या पाठीवर होता.

घरी आल्यावर तिनं तो बूट उचलला आणि उलटा केला. आतला तळवा चिकट, गोड वासाचा, मुंग्यांनी काळा. एवढ्या दिवसांचं औषध. तिनं दोन्ही बूट धुतले, उन्हात वाळवले, आणि डॉक्टरीणबाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की बाहेर बसलेले रोगी आत डोकावले.

"औषध बुटाला लागू पडलं असणार," त्या म्हणाल्या. "आता मुलीला देऊन बघू."

आता चमचा रिकामा झाला की आई म्हणे, "आ कर." मग, "जीभ वर." मग, "डावा गाल." भिंगरीला हा खेळ आवडला, कारण त्यानंतर तीही आईचा आणि आत्याआजीचा गाल तपासायची. पायांना आधार हवा होता, स्टूल डगमगत होतं. शेवटी अण्णांचेच बूट चिंध्यांनी गच्च भरून, नाड्या एकमेकींना बांधून खाली ठेवले. भिंगरी त्यांवर पाय रोवून बसायची आणि खालच्या बुटांना गावभरच्या गोष्टी सांगायची.

काही दिवस नुसत्या गोष्टीच झाल्या. मग एका सकाळी आतून हाक आली.

"आई. झाड सुटलं. दुखलं नाही."

आत्या लगबगीनं गेली, भांड्यात डोकावली आणि हात जोडू लागली. "सोडलं बाई दादानं."

"आत्या, औषधानं सोडलं. अण्णांनी फक्त बूट दिले."

आत्यानं विचार केला. "तेही खरंच. तेवढं तो देईलच."

गळती थांबली, बादली रिकामी झाली. पण औषध डॉक्टरीणबाई सांगेपर्यंत चालू राहिलं. चमत्कार एका दिवसात होतो, पोट बरं व्हायला महिने लागतात. चमत्कार न करणाऱ्या माणसांची ओळख ही, की ती 'थांबा, वेळ लागेल' असं म्हणतात.

लेकराच्या शीबद्दल बोलायची लाज वाटते, म्हणून आपण पडद्यामागे कुजबुजतो, आणि पडद्यामागे नेमके नळीवाले बसलेले असतात. म्हणून लाज सोडा, उघड बोला, डॉक्टरकडे जा. माणूस गेल्याचं दुःख असेल तर रडा, पण त्याच्या नावानं कुणी दुकान मांडलं तर तिथे बसू नका. दारातली वस्तू उलटी करून पाहायचं धैर्य होत नसेल, तर कुणाला तरी सोबत घेऊन पाहा.

आणि कुणी तुमच्या पोटातून काही ओढून दाखवायला निघाला, तर फार वाद घालू नका. फक्त त्याला आधी म्हणा, "आ कर."