गृहपाठाचं उद्यापन

भामाबाईंनी पदराच्या टोकानं कॉम्प्युटरची काच पुसली, खुर्ची ओढली आणि सुनेच्या शेजारी ठाण मांडून बसल्या.

"हं, कर आता. आज उरकूनच टाक."

"उरकते, आत्याबाई," रेणू म्हणाली आणि पडद्याकडे नुसती बघत राहिली.

खालच्या मजल्यावर कोचिंग सेंटर होतं. हैदराबादच्या दिलसुखनगरात कुठल्या इमारतीत नसतं म्हणा! तिथल्या मास्तरांचा माईकवरचा आवाज दुपारभर फरशीतून वर यायचा. रेणूचा नवरा शिवराज होता तेव्हा या आवाजावर चिडायचा. आता चिडायला घरात कुणी उरलं नव्हतं. तो जाऊन दोन महिने झाले होते. सकाळी डबा घेऊन माधापूरच्या ऑफिसात गेला, खुर्चीवर बसला आणि बसल्या जागी कलंडला. वय छत्तीस. डबा तसाच भरलेला परत आला.

तेव्हापासून रेणूला काहीच वाटत नव्हतं. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की डोळे मिटायची. गावाकडून, भालकीहून आलेल्या जावा-नणंदा आपसात कुजबुजल्या, "बाई रडत नाही की काय नाही, दगडच म्हणायचा!" ते तिच्या कानावर गेलं होतं. त्याचंही वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटत नाही याचीच तिला अधूनमधून भीती वाटायची.

तो गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्याच्या नावानं एक पत्र आलं. त्या वर्षी परदेशातल्या कॉलेजांचे कोर्स इंटरनेटवर फुकट मिळायला लागले होते. ऑफिसातल्या सगळ्यांनी नावं घातली तशी शिवराजनंही घातली होती. विषय होता संभाव्यतेचं गणित. व्हिडिओ बघायचे, दर आठवड्याला गृहपाठ करून पाठवायचा, मार्क तिथल्या तिथे. चार गृहपाठ त्यानं केले. पाचवा राहिला म्हणून कॉम्प्युटरवर पत्र आलं, आणि ते तिकडच्या यंत्रानं आपोआप धाडलेलं होतं.

"काय लिहिलंय?" भामाबाईंनी विचारलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"शिवराज, तुमचा गृहपाठ राहिलाय. आम्ही वाट बघतोय."

"तुमचा? मास्तर पोराला अहो-जाहो करतो होय?"

"तुझा," रेणूनं दुरुस्त केलं. "शिवराज, तुझा गृहपाठ राहिलाय."

मग भामाबाईंनी फर्मान काढलं. त्यांच्या सासूबाई सोळा सोमवार करताना अकराव्यालाच गेल्या होत्या, तेव्हा उरलेले पाच भामाबाईंनी धरले आणि उद्यापन केलं. अर्धवट राहिलेलं घरच्यांनी पुरं करायचं असतं, नाही तर जीव मागे घुटमळतो. इंटरनेटचं झालं म्हणून काय झालं, नेम तो नेमच! रेणू लग्नाआधी नल्लकुंट्याच्या शाळेत आठवीला गणित शिकवायची, तेव्हा कामगिरी आपोआपच तिच्या गळ्यात पडली.

तिनं ती केली. पाचवा, सहावा, सातवा, एकेक करत ती पाठवत गेली. नळाचं पाणी भरावं तसं. पण मागचे गृहपाठ तुंबले होते, त्यामुळे दर शुक्रवारी पत्र यायचंच, आणि शुक्रवारी सकाळी भामाबाई देवपूजा आटोपून आधी विचारायच्या, "आलं का?" रेणू वाचून दाखवायची. शिवराज, तुझं चांगलं चाललंय. शिवराज, थोडंच उरलंय. आता घरात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. शेजारचे 'तुमचा मुलगा' म्हणत, ऑफिसवाले फोनवर 'तुमचे मिस्टर' म्हणत. नावानं हाक मारणारं ते एक यंत्रच राहिलं होतं.

आज शेवटच्या गृहपाठाची मुदत संपत होती. एक गणित सोडून सगळी झाली होती. ते गणित रेणूला येत होतं, अगदी व्यवस्थित येत होतं, तरी चार दिवस ते तसंच पडलं होतं. ते केलं की कोर्स संपला. मग शुक्रवार नाही आणि हाक नाही. हे तिनं भामाबाईंना सांगितलं नाही. त्या बिचाऱ्या सकाळपासून शिऱ्यासाठी रवा भाजत होत्या. वर्षाच्या आत गोडधोड करायचं नसतं, पण उद्यापनाला चालतं, असा निवाडाही त्यांनीच दिला होता.

"एवढं काय अवघड आहे? मला सांग बघू."

"एक बस आहे. तिला वेळापत्रक नाही, कधीही येते. सरासरी वीस मिनिटांनी एक. आपण पंधरा मिनिटं थांबलोय. अजून सरासरी किती थांबावं लागेल?"

"पाच. त्यात काय?"

"नाही. वीसच."

"आणि ते पंधरा मिनिटं थांबलो ते?"

"ते धरायचं नाही म्हणतात."

"अय्यो! म्हणजे थांबलेलं सगळं पाण्यात?" भामाबाईंनी कपाळाला हात लावला. "लिही बाई, वीस तर वीस. लई परेशान केलं या बशीनं."

रेणूनं वीस लिहिलं. बाण बटणावर नेला. बोट थांबलं. भामाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तिनं ते दाबलं.

क्षणभर काही झालं नाही. मग पडदा हिरवा झाला.

"काय म्हणतो?"

"अभिनंदन, शिवराज. कोर्स पुरा झाला."

"झालं एकदाचं. सुटलं माझं लेकरू." भामाबाईंनी पडद्याला हात जोडले, आत जाऊन शिऱ्याची वाटी आणली आणि कीबोर्डच्या बाजूला ठेवली. वर तुळशीचं पान होतं. खुर्चीवर बसल्या. पुन्हा उठल्या, पंखा बारीक केला आणि परत येऊन बसल्या.

"मग आता शुक्रवारी?"

"आता नाही येणार, आत्याबाई. संपलं."

"हौ. संपलंच की."

खाली मास्तरांचा माईक बंद झाला. पोरं गलका करत जिना उतरली. भामाबाई शिऱ्याच्या वाटीकडे बघत होत्या. मग त्यांनी पडद्याच्या तळाशी बोट नेलं.

"हे खाली बारीक काय लिहिलंय?"

"दुसरे कोर्स आहेत. यातला एखादा घ्या म्हणतात."

"कुणाला म्हणतात?"

"शिवराजला."

"पैसे पडतात का?"

"नाही. फुकट आहेत."

भामाबाईंनी पदर सारखा केला आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

"मग घे की एखादा. पुष्कळ दिवस चालणारा बघ."

रेणूनं माऊस धरला, पण अक्षरं दिसेनात. तिनं ओढणीनं काच पुसली, तरी दिसेनात.

"वाच ना," भामाबाई म्हणाल्या.

"वाचते," रेणू म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला हुंदका फुटला.